किंगच्या खोक्यांत सापडलेला माणूस

वक्तृत्वाच्या विषयात ‘सी’! हो, बरोबर वाचलंत. ज्यांचं वॉशिंग्टनमधलं भाषण आपल्यापैकी कित्येकांनी वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या रात्री यूट्यूबवर तीन-तीनदा ऐकलंय, त्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांना धर्मशास्त्राच्या कॉलेजात पहिल्या वर्षी पब्लिक स्पीकिंगमध्ये ‘सी’च्या घरातली ग्रेड मिळाली होती. पुढे त्याच कॉलेजातून ते बॅचमध्ये पहिले येऊन बाहेर पडले, ही गोष्ट वेगळी.

आता प्रश्न असा, की पंचाहत्तर वर्षांपूर्वीची एका विद्यार्थ्याची मार्कलिस्ट आपल्यापर्यंत पोचली कशी? तर कुणीतरी ती जपली, कुणीतरी तिच्यावर नंबर टाकला आणि कुणीतरी ती छापली. या लेखात किंग यांचं आयुष्य सांगायचंय, पण नेहमीच्या वाटेनं नाही. त्यांच्या कागदांच्या वाटेनं. हे कागद एका गावात नाहीत. बॉस्टनमध्ये आहेत, अटलांटात आहेत आणि त्यांच्या प्रती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला आहेत. ते मोजायचे खोक्यांमध्ये. (आपल्याकडे या शब्दाला हल्ली भलताच अर्थ आलाय. इथली खोकी पुठ्ठ्याची आहेत.)

सुरुवात नावापासूनच करू. १५ जानेवारी १९२९ ला अटलांटात जन्मलेल्या या बाळाचं नाव मायकेल होतं. वडील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू. १९३४ मध्ये ते बर्लिनला एका धर्मपरिषदेला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचं आणि मुलाचं नाव बदलून मार्टिन ल्यूथर केलं. घरात मात्र ‘एम. एल.’ हीच हाक राहिली.

पंधराव्या वर्षी एम. एल. मोअरहाऊस कॉलेजात दाखल झाला. युद्धामुळे वर्ग रिकामे पडले होते, म्हणून कॉलेज हुशार मुलांना शाळा पूर्ण व्हायच्या आधीच घेत होतं. त्या आधीच्या उन्हाळ्यात, १९४४ साली, फीचे पैसे जमवायला तो इतर मुलांबरोबर उत्तरेत कनेटिकटमधल्या तंबाखूच्या शेतांवर कामाला गेला. तिथून त्यानं घरी लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत आणि मला विचाराल तर या सगळ्या ढिगाऱ्यातले सगळ्यात बोलके कागद तेच. त्यात चळवळ नाही, तत्त्वज्ञान नाही. मुलगा आईला कळवतोय, की इथे आपण कुठल्याही हॉटेलात जाऊन बसू शकतो आणि गोऱ्यांच्या शेजारी जेवू शकतो. बस्स, एवढंच. परतीच्या प्रवासात वॉशिंग्टनच्या पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत त्याला वेगळं बसायला लागलं आणि जेवणाच्या डब्यात त्याच्यापुढे पडदा ओढला गेला. तो पडदा किंग पुढे आयुष्यभर विसरले नाहीत. त्या पत्रांमुळे आपल्याला एक गोष्ट कळते. पडदा ओढला जाण्याआधी काही आठवडे या पोरानं पडदा नसलेलं जग बघितलं होतं.

मोअरहाऊसचे अध्यक्ष बेंजामिन मेज भारतात येऊन गांधीजींना भेटून गेले होते. पण किंग यांच्या डोक्यात गांधी खऱ्या अर्थानं शिरले ते पुढे, पेनसिल्व्हेनियातल्या क्रोझर सेमिनरीत शिकत असताना. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन भारतातून परतल्यावर फिलाडेल्फियात बोलले. ते ऐकून किंग यांनी गांधीजींवरची अर्धा डझन पुस्तकं विकत आणली. एका लेक्चरनंतर कुणी सहा पुस्तकं आणतं का? आपण फार तर लिंक सेव्ह करतो.

१९५१ मध्ये ते पीएचडीला बॉस्टन विद्यापीठात गेले. तिथेच कोरेटा स्कॉट भेटल्या. त्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत गाणं शिकत होत्या. १९५३ च्या जूनमध्ये लग्न झालं आणि १९५४ मध्ये किंग यांनी अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चची नोकरी धरली. थिसिस अजून व्हायचा होता. नवी नोकरी, नवा संसार, दर रविवारी प्रवचन आणि भल्या पहाटे उठून थिसिसची पानं. पॉल टिलिख आणि हेन्री नेल्सन वीमन या दोन विचारवंतांच्या देवाविषयीच्या कल्पनांची तुलना, असा विषय. १९५५ मध्ये पदवी मिळाली. हा थिसिस लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

त्याच वर्षी १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी मॉन्टगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार दिला. चार दिवसांनी बसवर बहिष्कार सुरू झाला आणि त्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून गावात नव्या आलेल्या तरुण धर्मगुरूची निवड झाली. वय २६. म्हणजे तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यात तरुण प्राध्यापकाएवढं. त्या संध्याकाळच्या सभेतलं भाषण तयार करायला त्यांना वीसेक मिनिटं मिळाली. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

आणि कागदांचा खरा पूर सुरू झाला तो इथे. देशभरातून चेक, पाठिंब्याची पत्रं, आमंत्रणं, शिव्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. घरात कोरेटा होत्या आणि अडीच महिन्यांची मुलगी. दोघी वाचल्या. घरात बॉम्ब पडतो तेव्हा माणसं आधी आणि कागद नंतर, हे उघडच आहे. पण हा बॉम्ब डोक्यात ठेवा, कारण आठ वर्षांनी किंग यांनी आपले कागद दक्षिणेत न ठेवता हजारेक मैल दूर का पाठवले, हे त्याशिवाय नीट कळत नाही.

मधे बरंच काही घडलं. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पुस्तकावर सह्या करत असताना एका बाईनं त्यांच्या छातीत कागद कापायची सुरी खुपसली. त्यातून सावरल्यावर, १९५९ च्या फेब्रुवारीत, ते भारतात आले. गांधी स्मारक निधीचं आमंत्रण होतं. बरोबर कोरेटा होत्या आणि इतिहासकार लॉरेन्स रेडिक होते. रेडिक यांनी आधी न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध शॉम्बर्ग संग्रहाचं काम पाहिलेलं, म्हणजे कागद सांभाळण्यात मुरलेला माणूस. महिनाभराच्या या दौऱ्यात किंग मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले. गांधीजी जिथे उतरायचे, तिथेच मुक्काम. कधी ग्रँट रोडला उतरलात तर चालत जाता येतं, जाऊन या.

केरळमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी मुलांशी त्यांची ओळख करून देताना, हेही अमेरिकेतले अस्पृश्यच, असं सांगितलं. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांनी विचार केला आणि ते पटलं. ही गोष्ट त्यांनी सहा वर्षांनी अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये स्वतः सांगितली.

१९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात एक लांबलचक पत्र लिहायला घेतलं. समास संपले तेव्हा मिळतील त्या चिठोऱ्यांवर लिहिलं. तुकडे बाहेर आले, सहकाऱ्यांनी ते जुळवून टाइप केले. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन. पुढच्या वर्षी २ जुलैला नागरी हक्कांचा कायदा झाला. आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १६ जुलै १९६४ ला, किंग यांनी बॉस्टन विद्यापीठाला एक पत्र पाठवलं. मजकूर साधा होता. माझे कागद तुमच्याकडे ठेवतो, ते हप्त्याहप्त्यानं येतील, मी असेपर्यंत ते माझे, माझ्यानंतर ते पूर्णपणे विद्यापीठाचे. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. पस्तिशीत कुणी आपल्यामागे कागदांचं काय होईल याचा विचार करतं का? ज्याच्या घरावर बॉम्ब पडलाय आणि छातीत सुरी घुसलीय, तो करतो. दक्षिणेत ते कागद सुरक्षित राहतील याचा भरवसा नव्हता. बॉस्टनला सुमारे ८३ हजार कागद जमा झाले, मुख्यतः साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे.

गंमत म्हणजे त्याच काळात एफबीआयसुद्धा त्यांच्यावर फायली जमवत होती. फोन ऐकत होती, हॉटेलच्या खोल्यांत यंत्रं लपवत होती. म्हणजे एकाच माणसाचे दोन संग्रह एकाच वेळी तयार होत होते. एक त्यानं स्वतःहून दिलेला, दुसरा त्याला संपवायला जमवलेला.

पुढची चार वर्षं तुम्ही पुस्तकात वाचलेली आहेत. नोबेल, सेल्मा, मतदान हक्काचा कायदा, व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध आणि त्यामुळे तुटलेले मित्र. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेलेले असताना, लोरेन मोटेलच्या बाल्कनीत त्यांना गोळी लागली. वय ३९.

माणूस गेला. आणि कागदांची खरी कहाणी सुरू झाली.

कोरेटा यांनी त्याच वर्षी अटलांटात किंग सेंटर उभारायला घेतलं. नवऱ्याचा वारसा एका जागी, त्याच्या गावात असावा, ही त्यांची इच्छा. पण ८३ हजार कागद तर बॉस्टनला. १९८७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी बॉस्टन विद्यापीठावर दावा ठोकला. म्हणणं असं, की किंग यांचा विचार नंतर बदलला होता, त्यांना कागद दक्षिणेत परत आणायचे होते. विद्यापीठानं १९६४ चं ते पत्र पुढे केलं.

खटल्यातला मुद्दा ऐका, लॉच्या मुलांनी तर नक्कीच. बॉस्टननं नुसती ठेव सांभाळली असती, म्हणजे खोकी बंद करून कुलूप लावलं असतं, तर त्यांची बाजू लंगडी पडली असती. पण विद्यापीठानं कागदांची सूची केली होती, अभ्यासकांना ते बघायला दिले होते, त्यासाठी माणसं तयार केली होती. ठेव सांभाळणाऱ्यानं जेवढं करायला हवं त्याहून हे जास्त होतं आणि किंग यांच्या शब्दावर विसंबूनच विद्यापीठानं ते केलं, हे धरलं गेलं. १९९३ मध्ये ज्युरीनं आणि १९९५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाच्या बाजूनं निकाल दिला. ज्या कामाला आपण लायब्ररीतलं कंटाळवाणं काम म्हणतो, त्या कामानं खटला जिंकायला हात दिला.

मला कोरेटांची बाजू खोटी वाटत नाही. ज्या घरावर बॉम्ब पडला त्या घरात त्या स्वतः होत्या. कागद गेले ते एका भीतीमुळे. वीस-बावीस वर्षांनी अटलांटात ती भीती उरली नव्हती, मग कागद परत का येऊ नयेत? याला कायद्यात उत्तर होतं. त्या उत्तरानं त्यांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही.

खटल्याच्याही आधी, १९८५ मध्ये, कोरेटा यांनीच आणखी एक काम सुरू करून दिलं होतं. किंग यांचे सगळे महत्त्वाचे कागद, टिपांसह, चौदा खंडांत छापायचे. संपादक म्हणून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातले इतिहासकार क्लेबॉर्न कार्सन यांना विचारलं. कार्सन १९६३ च्या वॉशिंग्टनच्या सभेत गर्दीत उभे होते, तेव्हा वय १९. काम स्टॅनफर्डला, जोडीला किंग सेंटर आणि अटलांटाचं एमरी विद्यापीठ. बॉस्टनपासून लोकांच्या घरातल्या ट्रंकांपर्यंत जिथे जिथे किंग यांचा कागद असेल, तिथून प्रत मिळवायची. (आपल्याकडे महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, ते काम याच जातीचं.)

आता थिसिसकडे येऊ. असे खंड करताना प्रत्येक वाक्यामागचा संदर्भ तपासावा लागतो. स्टॅनफर्डमधले संशोधक आणि विद्यार्थी बॉस्टनच्या थिसिसच्या तळटिपा तपासायला बसले आणि हादरले. परिच्छेदच्या परिच्छेद दुसऱ्यांच्या लिखाणातून आलेले, अवतरणचिन्हांशिवाय. काही मजकूर त्याच विद्यापीठात तीन वर्षं आधी दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं दिलेल्या थिसिसमधला. आज तुमच्या असाइनमेंटचा रिपोर्ट लाल येतो तसं.

विचार करा, हे शोधणारे कोण होते? त्यांचे शत्रू नव्हेत. ज्यांना किंग यांच्या पत्नीनं निवडलं, ज्यांच्यातले काही त्यांच्या भाषणाला उभे होते, ते. त्यांनी लगेच जाहीर केलं नाही. आत बराच काळ चर्चा चालली. शेवटी १९९० च्या नोव्हेंबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी छापली. आमच्या वर्गात यावर वाद झाला असता तर मी कार्सन यांना थोडे कमी मार्क दिले असते. बातमी त्यांनीच द्यायला हवी होती. पण एक गोष्ट त्यांच्या पारड्यात टाकायलाच हवी. त्यांनी ती पानं गाळली नाहीत. छापील खंडात थिसिस आहे आणि कुठलं वाक्य कुठून आलं हेही टिपांत आहे.

बॉस्टन विद्यापीठानं समिती नेमली. १९९१ मध्ये समितीनं सांगितलं की चोरी झालीय, पण पदवी काढून घेऊन काही साधणार नाही. ग्रंथालयातल्या थिसिसच्या प्रतीला एक पत्र जोडावं, एवढंच. लक्षात घ्या, हे ते विद्यापीठ जे त्याच वेळी कोर्टात, हा माणूस आमचा, त्याचे कागद आमचे, म्हणून भांडत होतं. ते गप्प बसू शकलं असतं. आणि दुसरी बाजूही बघा. हे उघडकीला आलं, कारण किंग यांनी आपला कुठलाच कागद लपवून ठेवला नव्हता. विद्यार्थीदशेतल्या वह्या, टिपणं, सगळं त्यांनी साठवलं होतं.

२००६ च्या जानेवारीत कोरेटा गेल्या. त्यांच्या घराच्या तळघरात आणखी सुमारे दहा हजार वस्तू आणि कागद होते, १९४६ ते १९६८ मधले. त्यातले हजारो किंग यांच्या हातचे. मुलांनी ते न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलाव कंपनीत विकायला काढले. ३० जूनला बोली लागणार होती. एखाद्या अब्जाधीशानं ते घेऊन तिजोरीत टाकले असते तर? लिलावाच्या आठवडाभर आधी अटलांटाच्या महापौर शर्ली फ्रँकलिन यांनी हालचाल करून ३.२ कोटी डॉलर्सचं कर्ज उभं केलं आणि कागद मोअरहाऊस कॉलेजच्या नावावर झाले. पंधराव्या वर्षी जिथे अ‍ॅडमिशन घेतली, तिथेच. परीक्षेच्या पेपरासकट! आपले जुने पेपर कॉलेजनं इतक्या पैशांत विकत घ्यावेत, असं भाग्य आपल्यापैकी कुणाचं नसणार.

हे कागद ठेवलेत वुड्रफ ग्रंथालयात. ते मोअरहाऊसच्या एकट्याचं नाही. स्पेलमन, क्लार्क अटलांटा अशा शेजारच्या कृष्णवर्णीयांच्या संस्थांचं ते मिळून एकच ग्रंथालय आहे.

आणि मग ते झालं जे वीस वर्षांपूर्वी कुणी कल्पनाही केली नसती. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी राहिलेली दोन शहरं एका टेबलावर बसली. बॉस्टन विद्यापीठ आणि अटलांटाचं वुड्रफ ग्रंथालय यांनी मिळून सूचीचं काम हाती घेतलं. कागद कुणी हलवायचे नाहीत, मालकी कुणी सोडायची नाही, फक्त नोंदी अशा करायच्या की दोन्हीकडचं एकत्र शोधता येईल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण असं बघा. एखादं पत्र किंग यांना आलं आणि ते बॉस्टनच्या फोल्डरमध्ये आहे, उत्तराचा हातानं लिहिलेला कच्चा खर्डा अटलांटात. दोन्हीकडच्या नोंदी वेगळ्या पद्धतीनं केल्या असतील, एकीकडे नाव आडनावानं आणि दुसरीकडे संस्थेच्या नावानं, तर ते पत्र आणि ते उत्तर एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. तुम्ही बॉस्टनला जाऊन समजाल की किंग यांनी उत्तरच दिलं नाही.

काम कसं चालतं? गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कारण गंज कागद खातो. कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये घालायचे. ते ज्या क्रमानं सापडले तो क्रम शक्यतो मोडायचा नाही, कारण कशाशेजारी काय ठेवलं होतं हीसुद्धा माहिती असते. तारीख नसेल तर ती मजकुरावरून, पाकिटावरच्या शिक्क्यावरून काढायची. मग प्रत्येक फोल्डरची नोंद. एका दिवसात किती होईल, तुम्हीच अंदाज करा आणि ८३ हजारांना भागून बघा.

घाई इथे चालत नाही, हे स्टॅनफर्डच्या खंडांवरूनही दिसतं. पहिला खंड १९९२ मध्ये आला. सातवा आला २०१४ मध्ये आणि तो ऑगस्ट १९६२ पाशी थांबतो. म्हणजे बावीस वर्षांत सात खंड वाचून संपले, तरी शेवटच्या पानावर किंग ३३ वर्षांचे आहेत आणि वॉशिंग्टनच्या भाषणाला अजून एक वर्ष अवकाश आहे.